मधाचे प्रतिऑक्सिडीकारक गुणधर्म

ऑक्सिडीभवनाची विक्रिया रोखणाऱ्या किंवा मंद करणाऱ्या पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. मधात अशी अनेक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. त्यांपैकी बहुतेक मूळची वनस्पतींची असून मकरंद, पराग व राळ यांच्यामार्फत ती मधात येतात. त्यामुळे मधमाश्यांनी कोणत्या फुलांवरून मकरंद गोळा केला, यावर मधाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मुख्यतः अवलंबून असते. एकाच जातीच्या माश्यांनी एकाच परिसरात, पण वेगवेगळ्या ऋतूंत साठविलेल्या मधांतही या बाबतीत मोठा फरक पडू शकतो. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात पानझडी जंगल व कापसाची शेती शेजारी शेजारी असल्याने हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथील जंगलातून येणारा मध सामान्यतः फुलांच्या नावाने नव्हे, तर ‘जंगली मध’ या एकाच नावाने विकला जातो व त्यामुळे त्याचे वेगळेपण बाजारात पोहोचण्यापूर्वीच नाहीसे होते.

इतिहास : मध सर्वत्र सारखा नसतो, ही जाणीव प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मधाचे पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल असे आठ प्रकार सांगितले असून चरकसंहितेत त्यांपैकी पहिले चार दिले आहेत. हे वर्गीकरण मुख्यत्वे माशीचा प्रकार आणि मधाचे रंगरूप यांवर आधारलेले आहे, फुलांवर नाही. मधाला उष्णता देऊ नये, हा आयुर्वेदातील निर्बंधही प्रसिद्ध आहे.

मधातील परागकणांचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण करून त्याचा पुष्पस्रोत ठरविण्याचे शास्त्र विसाव्या शतकात विकसित झाले. त्याची आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व १९७८ मध्ये तीत सुधारणा करण्यात आली. या पद्धतीनुसार एखाद्या वनस्पतीचे पराग एकूण परागांच्या ४५ टक्क्यांहून अधिक असतील, तर ते प्रमुख पराग मानतात व असा मध सामान्यतः एकपुष्पी समजतात. मात्र सर्वच वनस्पतींना हा निकष सरसकट लावता येत नाही. उदा., संत्र्याच्या मधात संत्र्याचे पराग मकरंदाच्या मानाने कमी असतात. भारतात पुणे येथे १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्यानंतर देशी मधांच्या अभ्यासाला चालना मिळाली.

प्रतिऑक्सिडीकारकतेच्या दृष्टीने मधांची तुलना करणारे एक महत्त्वाचे संशोधन अमेरिकेतील एस्. फ्रँकेल, जी. ई. रॉबिन्सन व एम्. आर. बेरेनबॉम यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या चौदा एकपुष्पी मधांपैकी बकव्हीट (कुटू) या वनस्पतीच्या गडद मधात जल-विद्राव्य प्रतिऑक्सिडीकारके सर्वाधिक आढळली व कॅलिफोर्नियातील सेज या वनस्पतीच्या फिकट मधात सर्वांत कमी. या दोन टोकांमध्ये सुमारे वीस पट अंतर होते. मधाच्या रंगाचा त्याच्या या क्षमतेशी संबंध असल्याचेही या संशोधनात दिसून आले.

रासायनिक स्वरूप : मधात सरासरी ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज व सुमारे १७ टक्के पाणी असते. माल्टोज व इतर शर्करा मिळून जवळजवळ दहा टक्के भरतात. उरलेल्या अल्प भागात अम्ले, खनिजे, ॲमिनो अम्ले, एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने), सुगंधी द्रव्ये व फिनॉलिक संयुगे असतात. मध सौम्य अम्लधर्मी असून त्याचे पीएच मूल्य सरासरी ३·९ असते. मधाची गोडी व ऊर्जा शर्करांमुळे असते; परंतु एका मधाचे दुसऱ्या मधापासूनचे वेगळेपण या अल्प भागात दडलेले असते.

सजीवांच्या कोशिकांत ऑक्सिजनाच्या वापराबरोबर मुक्त मूलके (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील अणुगट) निर्माण होतात. ती शेजारच्या रेणूतून इलेक्ट्रॉन वा हायड्रोजन काढून घेतात व त्यामुळे तो रेणू स्वतः मुक्त मूलक बनतो. अशा साखळी विक्रियेने वसा, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांची हानी होते. तेल खवट होणे हे याच प्रकारच्या विक्रियेचे घरगुती उदाहरण होय. फिनॉलिक संयुगे आपल्या हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजन अणू मुक्त मूलकाला देतात. त्यानंतर उरणारा त्यांचा स्वतःचा रेणू तुलनेने स्थिर असल्यामुळे साखळी तेथेच तुटते. काही फिनॉलिक संयुगे लोह व तांबे यांच्या आयनांना बांधून ठेवूनही विक्रियेस आळा घालतात.

मधातील फिनॉलिक संयुगांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्यात गॅलिक, कॅफीक, फेरुलिक, कुमारिक इ. अम्ले येतात. दुसऱ्या वर्गात क्वेर्सेटीन, केंफेरॉल, ल्युटिओलीन, क्रायसीन, पिनोसेंब्रीन यांसारखी फ्लॅव्होनॉइडे येतात. त्यांपैकी क्रायसीन व पिनोसेंब्रीन ही विशेषतः राळेतून, म्हणजे माश्या पोळ्याच्या फटी बुजविण्यासाठी वापरतात त्या प्रोपोलिसमधून येतात. म्हणून ती फुलाची खूण ठरत नाहीत. याउलट हेस्पेरेटीन हे संत्रावर्गीय फुलांच्या मधाचे लक्षण मानले जाते. फिनॉलिक संयुगांखेरीज कॅटॅलेज हे एंझाइम, प्रोलीन व इतर ॲमिनो अम्ले, कॅरोटिनॉइडे व थोडे ॲस्कॉर्बिक अम्ल यांचाही एकूण परिणामात वाटा असतो.

मधाची सूक्ष्मजंतुरोधक शक्ती व प्रतिऑक्सिडीकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक मधांची जंतुरोधकता शर्करांची दाटी, अम्लता आणि ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमामुळे तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे असते. हायड्रोजन पेरॉक्साइड तर स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. न्यूझीलंडमधील मानुका मधाची विशेष जंतुरोधकता त्यातील मिथिलग्लायऑक्झॅल या संयुगामुळे असल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. एका गुणावरून दुसऱ्या गुणाचे अनुमान काढणे म्हणूनच योग्य नव्हे.

पुष्पस्रोत व रंग : अतिनील किरण, कीटक व कवके यांपासून संरक्षणासाठी वनस्पती फिनॉलिक संयुगे तयार करतात. प्रत्येक वनस्पतीत त्यांचे प्रकार व प्रमाण वेगळे असते आणि तोच फरक मकरंदात व मधात उतरतो. सर्वसाधारणपणे गडद मधात ही संयुगे अधिक व फिकट मधात कमी असतात. मोहरीचा मध फिकट असून लवकर गोठतो. कापसाचा मधही फिकट व लवकर कणीदार होणारा आहे. सूर्यफुलाचा मध पिवळा असतो, तर महाबळेश्वर परिसरात मिळणारा जांभळाचा मध गडद असतो. सह्याद्रीत काही वर्षांच्या अंतराने एकदाच सामुदायिक रीत्या फुलणाऱ्या कारवीच्या मधात सुक्रोज अधिक असते. त्यामुळे भारतीय मानकांत मधातील सुक्रोजाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ५ टक्के असली, तरी कारवीच्या मधाला ती १० टक्के ठेवण्यात आली आहे. पुष्पस्रोताची दखल कायद्यालाही घ्यावी लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मधाचा रंग फुंट श्रेणीने मिलिमीटरांत मोजतात. ८ मिमी.पेक्षा कमी आकड्याचा मध पाण्यासारखा स्वच्छ व ११४ मिमी.पेक्षा अधिक आकड्याचा गडद समजतात. परंतु गडदपणा हा फिनॉलिक संयुगांचा पुरावा नव्हे, केवळ सूचक आहे. खनिजांचे आधिक्य, जुनेपणा, तापविणे किंवा गुळाच्या पाकाची भेसळ यांमुळेही मध काळसर होतो.

मापन : फिनॉलिक संयुगांचे एकूण प्रमाण मोजण्यासाठी ओ. फोलिन व व्ही. सिओकॅल्ट्यू यांनी १९२७ मध्ये सुचविलेला विक्रियाकारक वापरतात. विक्रियेनंतर येणाऱ्या निळ्या रंगाच्या तीव्रतेवरून गॅलिक अम्लाच्या तुल्य प्रमाणात निष्कर्ष सांगतात. बहुतेक मधांत हे प्रमाण किलोग्रॅममागे काही दशक ते काही शेकडा मिलिग्रॅम असते. मधातील क्षपणकारक शर्कराही या विक्रियाकारकाशी थोडीफार विक्रिया करतात. त्यामुळे केवळ शर्करांचा कृत्रिम विद्राव घेऊन तुलनात्मक चाचणी करावी लागते. तसे न केल्यास आकडा फुगतो.

प्रत्यक्ष क्षमता मोजण्याच्या अनेक पद्धती आहेत. डीपीपीएच पद्धतीत एका स्थिर मुक्त मूलकाचा जांभळा रंग मध मिसळल्यावर किती फिका पडतो, हे पाहतात. ही पद्धत १९५८ पासून वापरात आहे. १९९६ मध्ये प्रचारात आलेल्या दुसऱ्या एका पद्धतीत फेरिक लोहाचे फेरस लोहात किती क्षपण होते, ते मोजतात. या पद्धतींची एकके व विक्रिया वेगवेगळ्या असल्यामुळे एका पद्धतीने काढलेला आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. वेष्टनावर नुसता आकडा छापून ‘अधिक गुणकारी’ असे म्हटल्यास त्यातून काहीच बोध होत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील मध : वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. आहे. डोंगराळ भागात उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जंगल असून त्यात साग, ऐन, धावडा, तिवस, सालई, मोह, पळस, तेंदू, चारोळी, बेहडा, खैर इ. वृक्ष आढळतात. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये याच प्रकारच्या जंगलात आहेत. सखल भागातील काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी व हरभरा ही पिके घेतात.

येथील मकरंदाचे स्रोत ऋतूंनुसार बदलत जातात. हिवाळ्याच्या अखेरीपासून सालई व चारोळी, पाठोपाठ पळस आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास मोह व कडुनिंब फुलतात. उन्हाळ्यात करंज व चिंच, पावसाळ्याच्या तोंडाशी ऐन, तर भर पावसाळ्यात साग फुलतो. पावसाळा सरताना बोरीला बहर येतो. याच सुमारास शेतांत कापूस व नंतर तूर फुलते. कापसाच्या झाडात फुलाखेरीज पानांच्या खालच्या शिरेवर व फुलाखालील छदांवरही मधुग्रंथी असतात. त्यामुळे फूल मिटल्यावरही माश्यांना तेथे गोड रस मिळतो. उन्हाळ्यात उतरविलेला मध मुख्यतः वनवृक्षांचा व हिवाळ्याच्या सुरुवातीचा मध बऱ्याच अंशी पिकांचा असणे स्वाभाविक आहे. दोन्ही मध एकाच पिंपात ओतले, की हा भेद पुन्हा शोधणे परागपरीक्षणाशिवाय शक्य होत नाही.

जंगलातील मधाचा मोठा भाग आग्या मधमाशीचा (एपिस डॉर्सेटाचा) असतो. ही माशी उंच झाडांच्या फांद्यांना किंवा कड्यांना एकच मोठे उघडे पोळे लावते आणि ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. तिला पेटीत पाळता येत नाही. झुडपांत लहान पोळे करणारी फुलोरी (एपिस फ्लोरिया) व पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी (एपिस सेराना) यांचाही मध मिळतो. त्यांपैकी सातेरी पेटीत पाळता येते [→ मधमाशी].

रात्री पलिते व धूर यांच्या साहाय्याने माश्या हुसकावून संपूर्ण मोहोळ कापून घेणे व ते पिळणे, ही मध काढण्याची जुनी रीत होय. पिळताना अंडी, अळ्या, पराग व मेण मधात मिसळतात. परागांमुळे फिनॉलिक संयुगांचा आकडा वाढतो खरा. पण अळ्यांचा रस व जादा पाणी यांमुळे मध आंबतो. वसाहतीचाही नाश होतो. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने विदर्भात प्रचारात आणलेल्या पद्धतीत संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेतात व अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवतात. त्यामुळे माश्या टिकतात, पोळ्यात पुन्हा मध भरू शकतो आणि हाती आलेला मध स्वच्छ असतो. प्रत्येक उतरणीचा मध वेगळ्या भांड्यात ठेवून त्यावर स्थळ व महिना नोंदविल्यास त्याचा पुष्पस्रोत ओळखणे सुकर होते. याला फारसा खर्च येत नाही.

प्रक्रिया, साठवण व भेसळ : उघड्या पोळ्यातील मधात पाणी अधिक असल्याने ते कमी करण्यासाठी मध तापविण्याकडे कल असतो. अती उष्णतेने एंझाइमे निष्क्रिय होतात, सुगंध उडून जातो व फ्रुक्टोजापासून हायड्रॉक्सिमिथिल फुरफुरॉल हे संयुग वाढते. भारतीय मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांहून व हे संयुग किलोग्रॅममागे ८० मिग्रॅ.हून अधिक असता कामा नये. तापविलेल्या किंवा फार जुन्या मधात शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्या विक्रियेतून तपकिरी द्रव्ये बनतात. ही द्रव्येही चाचणीत प्रतिऑक्सिडीकारकता दाखवितात. परिणामी बिघडलेल्या मधाचा आकडा ताज्या मधापेक्षा जास्त भरू शकतो. प्रतिऑक्सिडीकारकतेचा आकडा हायड्रॉक्सिमिथिल फुरफुरॉलच्या आकड्यासोबत वाचला तरच त्याला अर्थ असतो.

उसाच्या वा मक्याच्या शर्करेची भेसळ कार्बनाच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून ओळखता येते. भात किंवा बीट यांपासून केलेला पाक मात्र या चाचणीतून निसटतो. त्यासाठी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन ही महागडी पद्धत वापरावी लागते. दिल्ली येथील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२० मध्ये तपासलेल्या तेरा नाममुद्रांपैकी केवळ तीन या चाचणीत उत्तीर्ण झाल्या. पाकाच्या भेसळीने फिनॉलिक संयुगे विरळ होतातच. शिवाय स्वस्त मिश्रणाशी स्पर्धा करावी लागल्याने खऱ्या मधाचा भाव पडून मध गोळा करणाऱ्याचे नुकसान होते.

आरोग्यविषयक महत्त्व व मर्यादा : मधातील फिनॉलिक संयुगे शरीरात शोषली जातात, याला पुरावा आहे. कॅलिफोर्नियात चाळीस निरोगी व्यक्तींवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बकव्हीटच्या मधाच्या सेवनानंतर रक्तद्रवाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढल्याचे आढळले. मक्याच्या पाकाने असा परिणाम झाला नाही. परंतु त्यात शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला १·५ ग्रॅम मध दिला होता. ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाला हे प्रमाण ९० ग्रॅम होते आणि त्याबरोबर ७० ग्रॅमहून अधिक शर्करा पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करांपासून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी, अशी शिफारस केली. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते व मधातील शर्कराही तीत मोजल्या जातात.

रोजच्या चमचाभर मधातून मिळणारी फिनॉलिक संयुगे काही मिलिग्रॅमच असतात. एखाद्या ताज्या आवळ्यातून ती कितीतरी पटींनी अधिक मिळतात. साखरेऐवजी मध वापरणे काही अंशी लाभदायक असले, तरी मधुमेही व्यक्तीला मध साखरेसारखाच जपून घ्यावा लागतो. मधात क्वचित असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या सूक्ष्मजंतूच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास तो मुळीच देऊ नये. नवजात बालकाला मध चाटविण्याची प्रथा त्यामुळे धोक्याची आहे.

संरक्षण व आर्थिक महत्त्व : मधाचा दर्जा अखेरीस फुलांवर व माश्यांवर अवलंबून असतो. कापसावरील कीटकनाशकांचा अविवेकी वापर दोहोंना घातक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो आजारी झाले. माणसाला जे विष सहन होत नाही, ते त्याच शेतात मकरंद गोळा करणाऱ्या माशीला सहन होणे शक्य नाही. आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून मकरंदात व परागातही उतरतात. पिके फुलोऱ्यात असताना फवारणी टाळणे, ती अटळ असल्यास माश्या परतल्यावर सायंकाळी करणे आणि बांधावर कडुनिंब, करंज, बोर यांसारखी झाडे राखणे, हे उपाय माश्या व माणसे या दोघांच्याही हिताचे आहेत.

जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान इ. आदिवासी जमाती राहतात. त्यांपैकी कोलामांची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या व्याख्येत मध व मेण यांचा स्पष्ट उल्लेख असून ती गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासींना दिला आहे. २०१३–१४ पासूनच्या गौण वनोपजांसाठीच्या किमान आधारभूत किंमत योजनेतही मधाचा समावेश आहे. आधारभूत किंमत मात्र सर्व जंगली मधाला एकच असते. सातारा जिल्ह्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. महाबळेश्वरचा मध त्याच्या परिसराच्या नावाने ओळखला जातो, तसा यवतमाळच्या जंगलातील मध ऋतू व फूल यांच्या नोंदीसह विकला गेल्यास गडद, संयुगसमृद्ध मधाला त्याच्या गुणाप्रमाणे भाव मिळू शकेल. त्यासाठी लागणारी परागपरीक्षणाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक व स्थानिक परागांचा संदर्भसंग्रह एवढ्या सामग्रीवर उभी करता येते [→ मध, मधमाश्यापालन, परागविज्ञान].